मुहूर्ताची सुपारी

अमरावती, चैत्र शुद्ध ५, शके १७८७

राजमान्य राजेश्री कमलाकांतशास्त्री यांसी चिंतामण जोशी याचा नमस्कार. इकडील कुशल, तिकडील कुशल, हे दोन्ही पत्राच्या रिवाजाप्रमाणे धरून चालावे. आता तक्रारीकडे वळतो.

माझ्याकडे अडकित्ता नाही.

चोरीला गेलेला नाही. चोर परवडला असता, त्याच्या मागे निदान शिपाई तरी लावता येतो. माझा अडकित्ता पंचमहाभूतांच्या पाच शिवलिंगांच्या दर्शनाला द्रविड देशी गेला आहे. पितळी, मोराच्या तोंडाचा, माझ्या लग्नात तुमच्या घरून आलेला. तुमच्या घरून मला दोनच गोष्टी मिळाल्या. दुसरी, म्हणजे तुमची बहीण, पहिली कनवटीला खोचून गेल्या कार्तिकात चालती झाली. तेव्हापासून मी सुपारी दातांनी फोडतो. डावीकडची दाढ हलू लागली आहे. माझ्या आत्या दुर्गाबाई म्हणतात, "नवा घे की रे, बाजारात काय तोटा!" त्यांना बाजार माहीत नाही. कापसाच्या पैशाने इथल्या पाटलांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या आहेत. अशा बाजारात कोणी चार आण्यांचा अडकित्ता मागितला तर दुकानदार त्याच्या तोंडाकडे पाहतो आणि घरची चौकशी करतो. घरची चौकशी मला नको आहे.

आपण दोघे जोशी, दोघांच्या घरी पंचांग, आणि पाच महिने एकमेकांशी अबोला. याचे कारण लोकांना सांगायलाही लाज वाटते. तुमच्या बहिणीने मुहूर्त मागितला आणि तुम्ही अकोल्यात बसून तो काढून दिलात. नवरा स्वतः जोशी असताना! आणि काय मुहूर्त! गुरू अस्ताला असताना नव्या देवाचे पहिले दर्शन घेऊ नये. म्हणून अस्त लागायच्या आठ दिवस आधी घराबाहेर पाऊल आणि अस्त सुटल्यावर दर्शन. तांदळाच्या दाण्यावर श्लोक कोरावा तशी ती बारीक जागा तुम्ही शोधलीत. तुमच्या कसबाला मी नावे ठेवत नाही. ते माझ्याच घरावर का चालवलेत, एवढेच विचारतो.

त्या मुहूर्ताची सुपारी आणि सव्वा आणा दक्षिणा नवऱ्याच्या हातून यायला हवी, असे तुम्ही तेव्हा कळवले होतेत. मी पाठवली नाही. पाठवणारही नाही. सुपारी दिल्याशिवाय मुहूर्त फळत नाही म्हणतात. न फळो.

ता. क. तिचे तिकडे पत्र आले असल्यास त्यात अडकित्त्याविषयी काही आहे काय, एवढे कळवावे. बाकीच्या मजकुराची मला गरज नाही.

अमरावती, चैत्र वद्य ८

शास्त्रीबुवा,

तुम्ही तिच्या पत्राची नक्कल पाठवलीत. मूळ पत्र ठेवून घेतलेत ते ठीकच केले. नवऱ्याच्या हाती मूळ कागद दिला तर तो खाऊन टाकील, असे तुम्हाला वाटले असावे.

कांचीहून कोणा कारकुनाकडून लिहवलेले आहे, तरी बोलणे तिचेच. "येथे मातीचे लिंग आहे. त्यावर पाणी घालत नाहीत, विरघळेल म्हणतात. देवाला जपावे लागते हे पाहून बरे वाटले." मग पायाच्या कुरुपाविषयी. मग जानराव पाटलांविषयी. हे मोर्शीकडचे कापसाचे मोठे कास्तकार. त्यांच्या तीन गाड्या आणि त्यांची बायको मैनाबाई, यांच्या सोबतीने ती गेली आहे. मैनाबाई गाडीत घोरते आणि बैल बुजतात, असे लिहिले आहे. अडकित्त्याविषयी काही नाही. माझ्याविषयी एक ओळ: "तिकडे दळण वेळेवर होत असेल."

ती ओळ मी अकरा वेळा वाचली. होत नाही. म्हणजे दळण.

तुम्ही लिहिता, "तुम्ही माझ्या बहिणीला तीन वर्षे खोटे पंचांग सांगितलेत." हिशेब बरोबर करा. पहिल्या वर्षी मी सिंहस्थ सांगितला, त्यात नव्या देवाची यात्रा वर्ज्य; तो खराच होता, त्याला तुम्हीही हरकत घेऊ शकत नाही. दुसऱ्या वर्षी शुक्राचा अस्त सांगितला. तोही खरा होता. फक्त तो दिवाळीआधी सुटला आणि मी तो फाल्गुनापर्यंत लांबवला. तिसऱ्या वर्षी अधिक मास होता. पावसाळ्यातला एक महिना. तो मी वर्षभर पसरला, हे कबूल. म्हणजे पहिले खरे, दुसरे अर्धे, आणि तिसरे तेवढे खोटे. तिला बिचारीला काय कळणार, असे मला वाटायचे. चौथ्या वर्षी तिने काही विचारलेच नाही. माहेरी जाऊन येते म्हणाली आणि अकोल्याला येऊन तुमच्यापुढे पंचांग ठेवले.

का केलेत, असेही तुम्ही विचारता. शास्त्रीबुवा, कापसाने या मुलखात नुसता पैसा आणला नाही, मुहूर्ताची भूकही आणली. गाड्या मुंबईकडे हाकायच्या, मुहूर्त. विहीर खणायची, मुहूर्त. दुसरी बायको करायची, मुहूर्त. जो माणूस जन्मभर अमावास्या बघून नांगर धरत होता, तो आता जोडा घालण्याआधी मला विचारतो. वीस वर्षे मला कोणी ओसरीवर बसा म्हटले नव्हते. आता गादी घालतात. मला वाटले, एक हंगाम. मग वाटले, आणखी एक. एवढेच आहे, त्यात मोठे पाप शोधू नका.

तिला का जायचे होते, ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही आहे. त्यावर मी लिहिणार नाही.

मंडळी वैशाखात परततील. दळण दोनदा करून ठेवीन.

अमरावती, वैशाख वद्य २

शास्त्रीबुवा,

हे पत्र हाती पडताच उभ्याउभ्या वाचा.

जानराव पाटील काल दिवेलागणीला दारात आले. मागे मैनाबाई. मैनाबाईच्या मागे मी गल्लीच्या टोकापर्यंत पाहत राहिलो. पायाला कुरूप आहे, सावकाश चालत असेल, म्हणून बराच वेळ पाहिले. दुर्गाबाईंनी तांब्या भरून पायावर घालायला आणला होता, तो तसाच हातात.

मी म्हणालो, "पाटील, आमची मंडळी?"

"थांबल्या जी त्या."

"कुठे?"

"थिकडंच. कांचीजवळ धर्मशाळा हाय, थिथं. चार देव झाले आमचे. मातीचा झाला, पान्याचा झाला, इस्तवाचा झाला, आकाशाचा झाला. वाऱ्याचा तेवढा राह्यला होता, थो काळहस्तीले हाय. अन् मले रस्त्यात एका सेठच्या मानसानं सांगतलं का कापसाचा भाव पडून राह्यला. आता सांगा जोशीबुवा, माह्या घरी सारा माल पडेल हाय. मी बाईले म्हनलं, चार झाले, लय झाले, देवाले काय मोजता येते? तं थे म्हने, देवाले येत नसन, मले येते."

हे तिचेच. हे कोणी रचून सांगू शकत नाही. ते ऐकून मला हसू आले.

"मग तुम्ही सोडून आलात?"

"सोडून कावून म्हनता जी? दोन तेलंगी बाया व्हत्या संगं, त्यायच्या हवाली केलं. पैसे देल्ले."

इतका वेळ मैनाबाई जमिनीकडे पाहत होती. ती एकदम म्हणाली, "खरं सांगा ना आता! घरी आले ना तुमी! ताप होता थिले, जोशीबुवा. आंग भट्टीवानी झालं होतं. मी यायले म्हनलं, दोन रोज थांबा. पन यायच्या डोक्यात नुसता कापूस पिंजून राह्यला होता!"

पाटलांनी पागोटे काढून गुडघ्यावर ठेवले. एवढा मोठा माणूस, पण डोके अगदी लहान दिसले.

मी त्यांना शिव्या घालायला तोंड उघडले. मला शिव्या बऱ्या येतात, तुम्हाला अनुभव आहे. पण एकही बाहेर पडली नाही. कापसासाठी त्यांनी तिला एकदा थांबवले, मी तीनदा. पहिल्या वर्षी ती गेली असती तर तिच्या अंगात ताकद होती, आणि सोबत मी असतो.

तिनेच घरी पाठवले आहे असे सांगून तिचे गाठोडे त्यांनी आणून दिले. लुगडी दोन, शाल, कांचीची माती पुरचुंडीत, पाण्याच्या लिंगापाशी झरते ते पाणी एका कुपीत लाख लावून, अरुणाचलाची राख कागदात. मी विचारले, "आकाशाचे काय आणले?" मैनाबाई म्हणाली, "थे कशात बांधाव जी? थिथं पडदा सारतात, अन् आत कायीच नाई. मी दोनदा पायलं."

गाठोड्यात अडकित्ता नाही.

हे नीट ध्यानात घ्या. मी सबंध दिवस यावरच विचार करतो आहे. माणूस मेले तर त्याची चीजवस्तू गाठोड्यात बांधतात. पितळी अडकित्ता कोणी मागे ठेवत नाही. तो तिने ठेवून घेतला. म्हणजे शालीची गरज नाही पण सुपारीची आहे, इतका तिचा जीव तेव्हा जागेवर होता. तुम्ही तर्कशास्त्र शिकलेले आहात, यात दोष असेल तर काढू नका.

अकोल्याच्या सावकारांचे गुमास्ते हैदराबादेस असतात. त्यांच्याकरवी काळहस्तीच्या वाटेवर चौकशी होईल काय? मी हे तुमच्याकडे मागतो आहे. मागतो, हा शब्द दोनदा लिहून एकदा खोडला होता.

आणखी एक. मुहूर्ताची सुपारी अजून दिलेली नाही, त्यामुळे काही... हे मी मूर्खासारखे लिहितो आहे. आपण दोघेही जाणतो की या गोष्टी आपण दक्षिणेसाठी सांगतो. तरी कळवावे.

अमरावती, ज्येष्ठ शुद्ध १०

शास्त्रीबुवा,

तुमचे पत्र आले. कोणी एक गोसावी अकोल्यात उतरला, त्याने सांगितले की काळहस्तीच्या वाटेवरच्या धर्मशाळेत पटकीची साथ आली आणि त्यात एक वऱ्हाडी बाई गेली. यावरून तुम्ही स्नान केलेत. बहिणीचे तीन दिवसांचे सुतकही धरून मोकळे झालात. मला आज्ञा करता की देह मिळणार नाही, सबब पालाशविधी करावा: पळसाच्या तीनशे साठ पानांचे माणूस, नारळाचे डोके, दर्भाने बांधून अग्नी द्यावा, नाहीतर ती प्रेतयोनीत भटकेल.

गोसाव्याला तुम्ही नाव विचारलेत? गाव विचारलेत? वऱ्हाडी बाई म्हणजे कोण? या मुलखात एक बाई आहे काय? त्याच्या झोळीत अडकित्ता होता काय?

तुमच्या अक्षरावरून दिसते की तुम्ही रडत लिहिले आहे. "सुभद्रा" शब्द तीन ठिकाणी पुसट झाला आहे. म्हणून मी कठोर लिहीत नाही. पण ऐका. विधी केला आणि ती परत आली, तर शास्त्र काय सांगते? तिला तुपाने न्हाऊ घालायचे, नवे जन्मल्यासारखे जातकर्म करायचे, बारसे करायचे आणि मी तिच्याशी पुन्हा लग्न लावायचे. पहिल्या वेळी ती नऊ वर्षांची होती, तिला कोणी विचारले नव्हते. या खेपेस विचारावे लागेल. ती हो म्हणेल याची मला खात्री नाही.

इकडे सगळ्यांना घाई झाली आहे. कापसाचा भाव कोसळला. अमेरिका म्हणून मुलूख आहे, तिथे भाऊ भाऊ लढत होते तोवर आमच्या बैलांच्या शिंगांना चांदी होती. त्यांची लढाई संपली आणि शेंब्या सोनारांकडे परत निघाल्या. मुहूर्त विचारायला कुणी येत नाही. तेवढ्या रिकाम्या वेळात लोक माझे भले करतात. दुर्गाबाईंनी तर मोर्शीची एक मुलगीही पाहून ठेवली आहे, तेरा वर्षांची. "विधी उरकून घे रे चिंतामणा, मग पुढचं बघता येतं."

मी त्यांना सांगितले ते तुम्हालाही कळवतो: सध्या गुरूचा अस्त आहे. राहून गेलेले अंत्यकर्म अस्तात करता येत नाही. सबब थांबणे भाग आहे.

यावर काल संध्याकाळी ओट्यावर काय झाले ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. दुर्गाबाईंनी पूर्वेकडे बोट केले. "मग तो कोण?"

यंदा गुरू किती तेजस्वी आहे, तुम्ही पाहिले असेल. सूर्य मावळला की समोरच्या कडुनिंबावर येऊन बसतो आणि रात्रभर मावळत नाही. आंधळ्यालाही दिसेल.

मी म्हणालो, "तो शुक्र, आत्या."

"संध्याकाळी, पूर्वेला, शुक्र? चाळीस वर्षं जोशाच्या घरात काढलीत मी! गोवऱ्या थापत असले तरी डोळे होते मला."

"मग मंगळ असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग पदराने तोंड पुसून आत गेल्या आणि जाताना दिवा माझ्यापाशी ठेवून गेल्या. तेव्हापासून मोर्शीच्या मुलीचे नाव निघालेले नाही.

आता तुम्ही. तुम्हाला मी फसवू शकत नाही. तुम्ही पंचांग उघडाल, गुरू कुठे आहे ते बोटाने दाखवाल आणि चार माणसांत मला खोटा ठरवाल. तुमचा तो हक्क आहे, तीन वर्षांच्या व्याजासह. तरीही मी लिहितो: गुरूचा अस्त आहे.

अमरावती, ज्येष्ठ वद्य ३

कमलाकांतशास्त्री,

तुमचे उत्तर काल पोचले. मी ते आत नेऊन वाचले, कारण ओट्यावर दुर्गाबाई होत्या.

"गुरूचा अस्त माझ्या पंचांगात सापडला नाही. परंतु माझे पंचांग अकोल्याचे. अमरावतीस अस्त असल्यास अमरावतीचे मानावे. अस्त केव्हा सुटतो ते तुम्हीच ठरवून कळवावे. मी लोकांना तसेच सांगितले आहे."

आयुष्यात एकदाही खोटी तिथी न सांगितलेल्या माणसाने हे लिहिले. अकोल्याहून अमरावती तीन दिवसांची वाट. तेवढ्यात ग्रह बदलत नाही, हे पोरालाही कळते. मी तुम्हाला आजवर जे जे बोललो, ते सगळे परत घ्यायचे तर वही लागेल. यादी करायला बसणार नाही.

मी लिहिणार नाही म्हटले होते, ते आता लिहितो.

आमची शकुन गेली तेव्हा सहा वर्षांची होती. देवीच्या साथीत. तुम्ही आला होतात. सुभद्रा चौदा दिवस बोलली नाही, डोळ्यांतून पाणीही नाही. मला भीती वाटली. मी जोशी माणूस, दुसऱ्यांच्या घरी दुःखात काय बोलायचे ते मला पाठ आहे. तेच तिला बोललो. म्हणालो, "पाच भूतांची पोर होती, पाचांत मिळाली. माती मातीत, पाणी पाण्यात, वारा वाऱ्यात. ती कुठे गेलेली नाही." दहा घरी हे बोललो होतो. कोणी उलट विचारले नव्हते.

ती म्हणाली, "कुठं असतात ती पाच?"

मला उत्तर द्यायची खोड. कोणा द्रविड ब्राह्मणाकडून कधी ऐकले होते ते सांगून मोकळा झालो: कांचीला पृथ्वी, जंबुकेश्वराला पाणी, अरुणाचलाला अग्नी, चिदंबरला आकाश, काळहस्तीला वारा. ती उठली, तोंड धुतले आणि भात टाकला. मला वाटले, सांत्वन झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "कधी निघायचं?"

म्हणून ती चारावर थांबली नाही. एक राहिले तर पोरीचा पाचवा हिस्सा राहिला. हे जानरावांना कसे कळावे? मला कळत होते. मी तिला सिंहस्थ सांगितला.

गुमास्त्यांकडून काही कळले का? रोज टपालवाल्याची वाट पाहतो. त्यालाही आता माझी कीव येते. पत्र नसले तर तो गल्लीत शिरत नाही, मागल्या बाजूने जातो. ते मला दिसते.

अकोला, आषाढ शुद्ध ६, तुमच्याच ओसरीवरून

दादा,

हा शब्द मी तुम्हाला प्रथमच लिहितो. तुम्ही मोर्णा नदीवर संध्येला गेला आहात. परत याल तेव्हा मी समोर असेन, पण तोंडाने बोलायला गेलो तर टोमणा निघेल. म्हणून कागद.

तुमच्या चार ओळी शनिवारी दुपारी मिळाल्या: "सुभद्रा हैदराबादेहून लमाणांच्या तांड्यासोबत वाशीमवरून काल येथे सुखरूप पोचली. फार अशक्त आहे. अमरावतीस येण्यास मुहूर्त केव्हा, हे ती तुम्हाला विचारते." दुर्गाबाईंना वाचून दाखवले. त्या तिथेच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अस्त सुटला म्हणायचा." त्यांचे उट्टे त्यांनी काढून घेतले.

मुहूर्त विचारते! पंचांग खुंटीवर होते. मी हात लावला नाही. रविवारी पहाटे गाडी जुंपली. वाट चिखलाची, मूर्तिजापुराशी आस मोडला, एक दिवस तिथे गेला. काल इथे पोचलो तेव्हा तुम्ही दार उघडलेत आणि नुसते आत बोट केलेत.

ती मागल्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावरचे केस तापाने गेले आहेत, पदर घट्ट ओढलेला. मनगटे इतकी बारीक की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मांडीवर तबक, हातात अडकित्ता. मला पाहून हात थांबला नाही.

"मुहूर्त काढलात?"

"नाही."

"मग कसे आलात? कोणत्या वारी निघालात?"

"रविवारी."

तिने आता वर पाहिले. जोशाची बहीण, जोशाची बायको. "रविवारी पश्चिमेला? दिशाशूळ ना?"

"हो. चंद्रही बारावा होता."

"अन् तरी निघालात." तिने अडकित्ता मिटला. "म्हणजे निघता येत होतं."

 मी, ज्याला अमरावतीत कोणी शब्दात हरवले नाही, तो तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तिने कातरलेल्या सुपारीची चिमूट माझ्या हातावर ठेवली. दाढ हललेली आहे हे तिला कसे कळले कोण जाणे. बारीक कातरली होती, अगदी भुशासारखी.

तिनेच मग सांगितले. ताप उतरायला महिना गेला. त्या दोन तेलंगी बायांनी तिला पेज पाजली, भाषा कळत नव्हती. पटकीची साथ आली तेव्हा त्यांनीच तिला गाडीत घालून पुढे काढले. जी वऱ्हाडी बाई गेली, ती दुसरी कोणी होती, वाशीमकडची. सुभद्रेने तिच्या तोंडात पाणी घातले होते. काळहस्तीला गाभाऱ्यात उभी राहिली.

मी विचारले, "काय होते?"

"आत वारा नाही. दार लहान, झरोका नाही, सगळे दिवे सरळ. एक मात्र हलत होता. एकटाच. पुजारी म्हणाला, तो असाच हलतो. कधी थांबत नाही."

"मग?"

"मग काही नाही. मी म्हटलं, बरं आहे बाई, खेळतेस ना. अन् बाहेर आले."

एवढेच बोलून ती पुन्हा सुपारी कातरू लागली. मी तिच्या हाताकडे पाहत बसलो. चार वर्षांत तिने पोरीचे नाव माझ्यासमोर काढले नव्हते. कालही काढले नाही.

घरी केव्हा न्यायचे ते तिच्या अंगात बळ येईल तेव्हा तीच सांगेल. मी सांगणार नाही. तोवर तुमच्या ओसरीवर माझे जेवणखाण चालेल, हे मी गृहीत धरले आहे. दळण मी आणून देतो.

गेल्या सालचे पंचांग तुमच्या देवघरात अजून तसेच रुमालात बांधून ठेवलेले आहे. कार्तिक शुद्ध त्रयोदशीला, तिच्या निघण्याच्या मुहूर्तावर, तुम्ही शाईची खूण केली आहे, ती पाहिली. त्या पानाशी एक सुपारी आणि सव्वा आणा ठेवून रुमाल पुन्हा बांधला आहे. सुपारी सबंध आहे. उशीर झाला, पण नवऱ्याच्या हातचीच आहे.